जहाजात राहिलेला काठ

माझ्या आईनं समुद्र कधी पाहिला नाही. मीही अजून पाहिलेला नाही. तरी आमच्या घरात शेजारच्या गल्लीबद्दल झालं नसेल एवढं बोलणं एका जहाजाबद्दल झालं, कारण माझे बाबा त्या जहाजावर पडदे आणि गाद्या शिवायचे. आणि आईनं आयुष्यात शेवटचं जे विणलं, ते त्या जहाजावर होतं. ते परत मिळावं म्हणून मी आणि बाबा कुठे गेलो आणि काय झालं, ते मी जमेल तसं सांगते.

आम्ही शहरातल्या नंदनवन भागाच्या पलीकडे, विणकरांच्या वस्तीत राहतो. एकच मोठी खोली आणि मागे स्वयंपाकाची जागा. खोलीच्या मधोमध फरशीचा रंग जरा वेगळा आहे. तिथे मागाचा खड्डा होता. त्यात पाय सोडून आधी आजोबा बसायचे, मग बाबा, मग आई. हातमागावर पोट भरेनासं झालं तेव्हा बाबा सीताबर्डीच्या एका दुकानात पडदे शिवायला जाऊ लागले. तिथल्याच एका गिऱ्हाइकाच्या ओळखीनं मुंबईचा एजंट मिळाला आणि बाबा जहाजावर गेले. वस्तीत कोणाला खरं वाटेना. बाबा सुटीवर आले की चौकातली माणसं विचारायची, "काय गा, फुटाळ्याच्या तलावात चालते का तुमचं जहाज?" बाबा म्हणायचे, फुटाळ्यात त्याचा नांगरही मावायचा नाही.

जहाज म्हातारं होतं. बाबा चढले तेव्हा त्याचा तिसरा मालक चालू होता. पहिल्या मालकाचा काळ बाबांनी पाहिलेला नव्हता, पण ते इतकं रंगून सांगायचे की मला लहानपणी वाटायचं, तेही तिथे होतेच. कुठल्याशा थंड देशात ते बांधलं होतं. माणसांना महासागराच्या या काठावरून त्या काठावर नेणं एवढंच त्याचं काम. देश कायमचा सोडून जाणारी कुटुंबं, शिकायला निघालेली पोरं, ट्रंका, पाळणे. तीन वर्गांचे तीन जिने होते, आणि एका वर्गाच्या माणसाला दुसऱ्या वर्गाचा जिना दिसूसुद्धा नये अशी रचना होती. मोठ्या जिन्याच्या भिंतीवर त्या वेळचे फोटो लावलेले होते. बाबा म्हणायचे, फोटोतल्या एकाही माणसाच्या तोंडावर हसू नाही, सगळे कुठे तरी पोचायच्या काळजीत.

मग विमानं आली. कित्येक दिवसांची वाट एका रात्रीत संपायला लागली तेव्हा पहिल्या मालकानं जहाज विकून टाकलं. दुसरा मालक गरम समुद्राकडचा. त्यानं काळ्या जहाजाला पांढरा रंग दिला, वर्गांच्या भिंती पाडल्या, पूर्वी ट्रंका ठेवायचे तिथे पोहायचा हौद केला. आता लोक कुठे जायला चढत नव्हते. ज्या बंदरातून निघायचे त्याच बंदरात फिरून परत यायचे. आईला याचं फार नवल वाटायचं. पैसे देऊन जिथल्या तिथेच येतात, असं ती शेजारणींना सांगायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

तिसऱ्या मालकाची गिऱ्हाइकं वयस्कर होती. त्यांना नाच-गाणं नको होतं. त्यांना उबदार खोली, पुस्तकं आणि दुपारचा चहा हवा होता. म्हणून त्यानं एक वाचनाची खोली केली. बाबांचं बरंचसं काम तिथेच असायचं.

प्रत्येक मालकानं जहाजाचं नाव बदललं होतं. पण आधीचं पूर्ण कधी गेलं नाही. जहाजाच्या तोंडाशी जुनी अक्षरं लोखंडाची होती. ती काढली तरी त्यांची जागा रंगाखालून फुगलेली दिसायची, आणि उन्हं कलली की नव्या नावाच्या मागे दोन जुनी नावं वाचता यायची. घंटेवर पहिलंच नाव होतं, तिला कोणी हात लावला नव्हता. जेवणघरातल्या चमच्यांच्या दांड्यांवर तिन्ही कंपन्यांची चिन्हं होती, सगळी एकाच खणात मिसळलेली. बाबांनी असा एक चमचा घरी आणला असता तर मला आवडलं असतं, पण ते म्हणायचे, जहाजातलं जहाजातच राहावं.

मी बालवाडीत असेन तेव्हाची गोष्ट. वाचनाच्या खोलीच्या खिडक्या मालकानं मोठ्या केल्या आणि पडदे वीतभर आखूड पडायला लागले. तसं कापड कुठल्याच बंदरात मिळेना. बाबा सुटीवर आले आणि आईला म्हणाले, खाली काठ जोडला तर. आई म्हणाली, जोडायचाच तर करवती जोडू.

करवती काठ म्हणजे आमच्याकडचा जुना काठ. रंगीत काठाची कड सरळ नसते, करवतीच्या दातांसारखी असते, आणि ते दात छापलेले नसतात, विणतानाच दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून येतात. त्याला दोन माणसं लागतात. आई खड्ड्यात बसली आणि बाबा बाजूला, आणि बाबांची ती सगळी सुटी त्यात गेली. मी तिथेच खेळत असणार. पण मला मागाचा आवाज आठवतो आणि आईची पाठ आठवते. कापड आठवत नाही. कितीही प्रयत्न केला तरी रंग डोळ्यांसमोर येत नाही.

आमच्यात एक रीत आहे. विणून झालं तरी मागावरचं सूत सगळं काढत नाहीत. वीतभर जुना ताणा, म्हणजे उभे धागे, तसाच राहू देतात आणि पुढच्या वेळी नव्या ताण्याचा एकेक धागा त्याच्या एकेका टोकाला पीळ देऊन जोडतात. माग पूर्ण मोकळा करतात तो विकायचा असला किंवा विणणारं माणूस गेलं तरच. म्हणून तो काठ कापून झाल्यावरही आईनं वीतभर ताणा ठेवला होता. पुढे काम आलंच नाही. काही वर्षांनी माग विकला, तेव्हा लाकडं घ्यायला आलेल्या माणसानंच ती सुतं ओढून काढली. आई त्या वेळी शेजारी जाऊन बसली होती.

ते पडदे जहाजावर लागले. बाबांनी फोनवर सांगितलं की एक म्हातारी बाई रोज त्याच खिडकीशी बसते आणि वाचता वाचता काठावरून बोट फिरवते. आईनं ते मला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं की ती म्हातारी आमच्या नात्यातली वाटायला लागली.

आईनं स्वतः जहाज पाहायचं ठरलं होतं. कंपनीत काही वर्षं नोकरी झाली की कामगाराला घरची माणसं आठवडाभर जहाजावर आणता यायची. आईचा पासपोर्ट काढला होता. सीताबर्डीहून चाकांची बॅग आणली होती. पण मालक बदलला की बाबा नव्या कंपनीत नवे. कामाची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. तिसऱ्या मालकाकडे बाबांची वर्षं भरत आली होती आणि त्यानं जहाज विकलं. आईनं बॅगेत गोधड्या भरल्या. बाबांनाच वाईट वाटत होतं, तर तिनं त्यांना समजावलं. म्हणाली, "मी नाही गेली त काय झालं. माहा काठ त फिरून राहिला ना."

चौथा मालक जुगाराचा. त्यानं जहाज आतून जांभळं केलं आणि रात्रभर लखलखेल असे दिवे लावले. वाचनाच्या खोलीत पत्त्यांची टेबलं आली. खेळणाऱ्यांना बाहेर दिवस आहे की रात्र ते कळू नये म्हणून खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. खिडक्याच नाहीत तर पडदे कशाला. ते पोत्यांत भरले. बाबांनी त्या पोत्यांतून काठ उसवून घेतले. खाऱ्या हवेनं बरेच विरले होते. त्यातला एक लांब तुकडा चांगला निघाला, तो त्यांनी एका सोफ्याच्या पाठीवर मधोमध बसवला. आईला हे कळल्यावर ती म्हणाली, बरं केलं, आता माणसं टेकतील.

पण तेही फार टिकलं नाही. वरच्या साहेबाला सगळीकडे काळं रेक्झिन हवं झालं. बाबांनी सोफ्याच्या पाठीवर रेक्झिन चढवलं आणि आईचा तुकडा आतल्या बाजूला, पाठीच्या जाड कापडावर, चौकोनी शिलाई मारून ठेवला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. बाबा, आई आणि मी सोडून कोणाला ठाऊकही नव्हतं.

चौथा मालक बुडाला. जहाज बरेच महिने एका बंदरात उभं राहिलं. मग पाचवा मालक आला, त्यानं ते समुद्रात फिरवलंच नाही. कुठल्याशा मोठ्या बांधकामावरच्या मजुरांना राहायला खोल्या म्हणून धक्क्याला बांधून ठेवलं. बाबांना तिथेही काम होतं, गाद्यांचं. ते म्हणायचे, जहाजात पुन्हा पहिल्यासारखी माणसं आली, ट्रंकावाली, तोंडावर काळजी असलेली.

मग साथ आली आणि सगळं थांबलं. मजूर गेले. जहाजावरच्या कामगारांनाही घरी पाठवायचं ठरलं. निघायच्या आधी बाबांनी फोन केला. फोन स्पीकरवर होता आणि मी बाजूलाच अभ्यास करत होते, म्हणून हे मला शब्दाशब्दानं आठवतं. बाबा म्हणाले, "सोफा उसवून तो काठ घेऊन येतो वं. हातभर त आहे. बॅगेत मावते."

आई म्हणाली, "काढू नका जी. राहू द्या थो तिथंच. सगळंच काढून आणलं त परत जाणार कसे?"

बाबांनाही ते पटलं. आता वाटतं, आमच्या वस्तीबाहेरच्या कोणालाही ते पटलं नसतं. कोणीही म्हणालं असतं, बाई, जहाज उद्या असेल की नाही, घरचं आहे ते घेऊन या. पण जहाजाला आजवर दर वेळी नवा मालक मिळाला होता. जुनं थोडं लागलेलं असलं की नवं त्याला जोडता येतं, हे आईनं जन्मभर हातांनी केलेलं होतं. बाबा रिकाम्या हातानं घरी आले.

पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, आई गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. पाच दिवस दवाखान्याच्या आवारात बसलो आणि सहाव्या दिवशी घाटावरही लांबूनच पाहिलं, एवढंच.

नंतर बाबांनी आणि मी तिचं कपाट उघडलं. आतल्या साड्या सीताबर्डीच्या सेलमधल्या, घडी केली की घसरणाऱ्या. आईनं लग्नाआधीपासून विणलं, तिच्या हातचं कुठल्या कुठल्या घरांतल्या नवऱ्यांनी आणि नवरींनी नेसलं असेल. कपाटात तिनं विणलेली एक चिंधी नव्हती. विणकराच्या घरात चांगलं कापड ठेवून घेत नाहीत, ते विकायचं असतं. मी सगळे कप्पे हातानं चाचपले. बाबा म्हणाले, "नाही सापडणार. जे आहे ते जहाजातच आहे." तेव्हापासून मला ते हवं होतं. दुसरं काही नको होतं. तिच्या हातून जे निघालं ते एकदा हातात घ्यायचं होतं.

मी त्या वर्षी कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे ग्रंथालयात कॉम्प्युटर आपल्याला वापरता येतो हेसुद्धा मला बऱ्याच उशिरा कळलं. मी घाबरत घाबरत जहाजाचं शेवटचं नाव टाइप केलं. काही आलं नाही. मग आधीचं टाकलं, मग त्याच्या आधीचं. पहिल्या नावाला फोटो आला. गुजरातच्या किनाऱ्यावर तोडायला आणलेलं, चिखलात रुतलेलं, समोरचा अर्धा भाग कापून नेलेलं. आत एकावर एक मजले उघडे पडले होते, खोल्यांचे वेगवेगळे रंग दिसत होते, जांभळासुद्धा. खाली लिहिलं होतं की शेवटच्या फेरीसाठी नावातली काही अक्षरं रंगानं बुजवली आणि उरलेल्या अक्षरांनाच नाव म्हटलं. त्या नावाला काही अर्थ नव्हता.

मी हे बाबांपासून बरेच दिवस लपवलं. शेवटी न राहवून सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. जहाजावरच्या जुन्या माणसांचा फोनवर ग्रुप होता, त्यावरून बाबांना माझ्या आधीच कळलं होतं. ते माझ्यापासून लपवत होते. त्यांनी हिशोब लावला होता की आई दवाखान्यात होती त्याच महिन्यात जहाज चिखलावर चढवलं. ते एवढंच म्हणाले आणि भात वाढून घेतला.

बाबा तोवर वाडीला कामाला लागले होते. अमरावती रस्त्यावरच्या गोदामांत ट्रकांच्या ताडपत्र्या फाटतात, त्या शिवायचं काम. जाड सुई आणि मेणाचा दोरा, हात तोच. गुजरातचे ट्रक तिथे रोज लागायचे. बाबा प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचे, तुटलेल्या जहाजांचा माल कुठे जातो. बहुतेक जण सांगायचे, सगळ्या हिंदुस्थानात जातो. पलंग, कपाटं, आरसे, कपबशा, जहाज सोडून सगळं विकलं जातं. एक ड्रायव्हर त्यांची थट्टा करायचा, काका, अख्खं जहाजच मागवून देऊ का, अंबाझरीच्या तलावात सोडू. पण याच ड्रायव्हरनं मागच्या उन्हाळ्यात फोनवर एक फोटो दाखवला. इंदूरकडचं एक हॉटेल बंद पडलं होतं, तिथून त्यानं सोफे भरून वाडीतल्याच एका जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याकडे उतरवले होते. सोफ्यांच्या पायांना पितळेच्या टोप्या होत्या, आणि बैठकीखाली लोखंडी कडी. वादळात सोफा घसरू नये म्हणून ती कडी जमिनीला अडकवतात. हॉटेलच्या सोफ्याला कडी कशाला असेल. बाबांनी मला कॉलेजात फोन केला. ते मला कॉलेजात कधीच फोन करत नाहीत. मी शेवटचा तास सोडून निघाले.

व्यापारी माणूस जाडा, बनियनवर बसलेला, कूलरसमोर. बाबांनी जे आहे ते सरळ सांगितलं. तो आधी हसला. "सोफ्यात सोनं लपवलं होतं का, काका?"

"सोनं नाही. घरचा कपडा आहे," बाबा म्हणाले.

"कपडा? कपड्यासाठी मी माल फाडू देऊ?" मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बाबांकडे पाहिलं. कोणाचा कपडा, असं विचारलं. बाबांनी सांगितलं. त्यानं कूलर आमच्याकडे वळवला. रेक्झिन बदलायचंच आहे, पण शिवणारा माणूस मिळून नाही राहिला, असं तो म्हणाला. "उघडा मग. पण जेवढं उघडाल तेवढं शिवून द्यायचं. रेक्झिन माहं, हात तुमचा."

सहा सोफे होते. बाबांनी पहिला उलटा केला, खालचे खिळे काढले, आत हात घातला. स्पंज आणि स्प्रिंगा. बाबा म्हणाले, हा दुसऱ्या खोलीतला. दुसरा उलटा केला आणि त्यांचा हात थांबला. खालच्या कडेला त्यांचीच शिलाई होती. ते प्रत्येक टाक्याच्या शेवटी दोन गाठी मारतात, ताडपत्रीलाही मारतात, मी ओळखते. मी तिथेच जमिनीवर बसले.

पण एका बाजूला, हातभर लांबीवर, ती शिलाई नव्हती. तिथे मशीनच्या पिना ठोकलेल्या होत्या.

"हे माहं नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी पिना उपसल्या आणि रेक्झिन मागे केलं. आतून ओलसर, खारट वास आला. पाठीच्या जाड कापडावर त्यांच्या शिलाईचा चौकोन होता. चारही बाजू सरळ, दोन दोन गाठी. चौकोनाच्या आत काही नव्हतं. तिथलं जाड कापड बाकीच्यापेक्षा पांढरं राहिलं होतं. आईचा तुकडा कोणीतरी ब्लेडनं कापून नेला होता, शिलाईच्या आतून, चारी बाजूंनी. शिलाईखाली अडकलेली बोटाएवढी कड तेवढी मागे राहिली होती.

मला वाटलं होतं बाबा रागावतील. त्यांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "ज्यानं कापलं त्यानं घाई नाही केली. पाहून घे, एक धागा ओढला नाही."

मी विचारलं, कोणी नेला असेल.

"जहाज तोडणाऱ्या पोराले सापडला असंल. नाहीत हॉटेलातल्या कोणाले. चांगला कपडा दिसला का माणूस टाकत नाही." थोड्या वेळानं ते म्हणाले, पिशवी केली असेल, किंवा एखाद्या लेकराचं झबलं. मला त्या अनोळखी माणसाचा फार राग आला होता. बाबांचं बोलणं ऐकून राग कमी झाला नाही, फक्त कोणावर काढावा ते कळेना.

मी म्हटलं, निदान ही कड तरी काढा. बाबांनी पातीनं टाके तोडायला सुरुवात केली. पण कड इतकी अरुंद होती की टाका सुटला की तिला धरून ठेवणारं काही उरत नव्हतं. आडवे धागे आखूड कापलेले, ते गळून पडायचे, आणि उभे त्यांच्या मागोमाग. मी खाली ओंजळ धरली. ओंजळीत कापड आलं नाही, धागे आले. काही मधासारखे पिवळट, काही गडद, लाल असावेत. करवतीचे दात मधल्या भागात होते, आणि मधला भाग गेला होता. एक बाजू सुटल्यावर बाबा थांबले. उरलेल्या तीन बाजू त्यांनी तशाच ठेवल्या.

मग त्यांनी बाकीचे चारही सोफे उघडले. काठ त्यांच्यात नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, रिकाम्या चौकोनाची शिलाई त्यांचीच होती. तरी त्यांनी प्रत्येकाच्या पाठीत कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. मी त्यांना अडवलं नाही.

व्यापाऱ्यानं चहा मागवला आणि विचारलं, मिळालं का, काका. बाबा म्हणाले, "मिळालं थोडंसं." त्यानं रेक्झिनचा गुंडाळा आणून टाकला आणि म्हणाला, आज राहू द्या, उद्या आले तरी चालते. बाबा म्हणाले, सगळंच उघडं टाकून जाता येत नाही. त्या दुपारी त्यांनी दोन सोफे शिवले, बाकीचे पुढच्या रविवारी. मी रेक्झिन ताणून धरत होते आणि सुईत दोरा ओवून देत होते. दुसऱ्या सोफ्याच्या वेळी ते जरा हळू शिवत होते. बाकी काही वेगळं केलं नाही. एका लॉनवाल्यानं सगळे सोफे घ्यायचं कबूल केलं होतं, लग्नात नवरा-नवरीच्या घरच्यांना बसायला.

पहिल्या दिवशी परत येताना बसमध्ये गर्दी नव्हती. धागे मी रुमालात बांधून बॅगेत ठेवले होते, पण बाबांनी ते मागितले, म्हणून रुमाल त्यांच्या मांडीवर उघडला. ते सांगायला लागले. इथे लाल यायचं, इथे पिवळं, मग तुझी आई लाल धागा पिवळ्यात असा अडकवायची, मग मी तिकडून परत द्यायचो, असा एक दात तयार व्हायचा, मग दुसरा. त्यांचं बोट रुमालावर फिरत होतं. मी त्या बोटाखाली खूप लक्ष देऊन पाहत होते. तिथे दहा-पंधरा सुटे धागे होते. खिडकीतून वारा आला तसे ते एकमेकांत गुंतले आणि बाबांनी वरून तळहात ठेवला.

सीताबर्डी आली तेव्हा त्यांनी रुमाल मिटवून माझ्या हातात दिला.

"दिसला ना तुले?" त्यांनी विचारलं. "कसा होता थो काठ, आलं ना ध्यानात?"

मी हो म्हणाले.